विज्ञानाच्या जर्नलमध्ये पाणी नेहमी १०० अंशांवरच का उकळते?

डिचोलीचा पालक

नववीच्या विज्ञानात पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा एक प्रयोग आहे. माझ्या मुलीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या जर्नलांमध्ये मी तो वाचला. सर्वांचे उत्तर बरोबर १०० अंश सेल्सिअस आहे, तक्त्यातील मधल्या नोंदीही अक्षरशः सारख्या आहेत आणि कुठे एकही खाडाखोड नाही. शाळेतील साध्या काचेच्या तापमापकाने उकळत्या पाण्याचे तापमान खरोखर घेतले, तर ते कधी ९८ भरते, कधी ९९ च्या थोडे पुढे, तर कधी १०१. तापमापक जुना असतो, त्याचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकलेला असतो, पाण्यात क्षार असतात आणि त्या दिवशीचा हवेचा दाब पुस्तकातील दाबाइतकाच असेल असेही नाही. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर ३०० मीटरला उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो. म्हणजे पणजीत शंभराच्या आसपास उकळणारे पाणी सुमारे ८०० मीटर उंचीच्या चोर्ला घाटात ९७ अंशांच्या जरा वर गेले की उकळू लागते, आणि तिकडच्या एखाद्या मुलाने जर्नलमध्ये १०० लिहिले असेल, तर त्याने पाणी उकळलेच नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो.

दहावीत ओहमच्या नियमाचीही हीच गत आहे. आलेखावर पट्टीने सरळ रेषा आधी ओढायची आणि मग तिच्यावर सोयीस्कर अंतराने ठिपके मांडायचे, ही रीत थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे वारसाहक्काने जाते. भिंगाचे नाभीय अंतर तर पाकिटावर छापलेलेच असते.

आपल्या गोवा मंडळाचा दहावीचा निकाल अलीकडे ९० टक्क्यांच्या वर लागतो आणि त्याचे पेढेही वाटले जातात. त्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु शिक्षणाचा दर्जा असे जे आपण म्हणतो, तो या आकड्यात दिसतो का, हा प्रश्न मला सतावतो. ज्या मुलाने स्वतः एकही गोष्ट मोजलेली नाही आणि मोजल्याचे लिहून मात्र दिलेले आहे, त्याला विज्ञानात ९० गुण मिळाले तर आपण नेमके काय प्रमाणित केले? येथे शिक्षक, पालक आणि कारखान्यांत काम करणारे अनेक जण आहेत, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत अशी विनंती आहे.

निवृत्त मास्तर, पेडणे

आपण लिहिलेले खोटे नाही, पण त्याची दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. एका तुकडीत चाळीसच्या आसपास मुले, एकच प्रयोगशाळा, तीही तीन-चार तुकड्यांत वाटलेली, आणि तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. साहित्य मांडायला दहा मिनिटे जातात, आवरायला दहा जातात. उरलेल्या वेळात मुलांनी पाणी उकळायचे, नोंद घ्यायची आणि ती समजून घ्यायची. पोर्शन वेळेत संपला नाही तर मुख्याध्यापक विचारतात, मुख्याध्यापकांना वरून विचारणा होते. तपासणीला येणारे अधिकारी जर्नल पूर्ण आहे की नाही आणि प्रत्येक पानावर शिक्षकाची सही आहे की नाही, एवढेच पाहतात. पानावर काय लिहिले आहे, हे वाचताना मी फार थोड्यांना पाहिले.

याहून मोठी अडचण गुणांची आहे. एखाद्या प्रामाणिक मुलीने ९८.५ लिहिले आणि शेजारच्याने न मोजता १०० लिहिले, तर तपासणाऱ्याच्या लाल शाईने कोणाच्या नोंदीखाली रेघ ओढली जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. मुले हुशार असतात, एका वर्षात हा धडा त्यांना पाठ होतो.

मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक साधी गोष्ट सुरू केली होती. प्रत्येक गटाने आपली नोंद फळ्यावर लिहायची आणि ती पुसायची नाही. दहा गटांचे दहा आकडे फळ्यावर आले की वर्गात वाद सुरू होई. 'तुमचा तापमापक खाली टेकला होता', 'तुम्ही बुडबुडे दिसताच वाचला, पाणी अजून खळखळत नव्हते', 'तुम्ही वाकून, तिरके पाहिले' अशा आरोपांच्या फैरी झडत. मला वेगळे काही शिकवावे लागत नसे. यंत्रातील दोष, वाचण्यातील चूक आणि नुसता योगायोग हे तीन वेगळे प्रकार आहेत, हे त्या भांडणातूनच मुलांना उमगत असे. नंतर आम्ही सरासरी काढत असू आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यातील फरकही लिहीत असू. जर्नलमध्ये मात्र काय लिहायचे, असे मुले विचारत, तेव्हा मी सांगत असे की फळ्यावर आपल्या गटाचे जे आहे तेच लिहा. याबद्दल मला एकदा समजही देण्यात आली होती, परंतु तो विषय येथे नको.

वेर्णा रसायन

मास्तरांच्या प्रतिसादातील शेवटचा मुद्दा मला पुढे न्यायचा आहे, कारण जर्नलचे पुढे काय होते ते मी रोज पाहतो. मी औषधनिर्मिती क्षेत्रात दर्जा नियंत्रण विभागात आहे. आमच्याकडे रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुले येतात. गुणपत्रिका उत्तम असतात आणि मुले कष्टाळूही असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांची एक सवय मोडण्यात आमची शक्ती खर्च होते. ती म्हणजे नोंद आधी चिठोऱ्यावर घ्यायची आणि सायंकाळी ती रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात फेअर करायची.

औषधांच्या कारखान्यात हा गंभीर अपराध आहे. नोंद ज्या क्षणी घेतली त्याच क्षणी, त्याच रजिस्टरमध्ये आणि शाईनेच लिहायची असते. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ अशी ओढायची की मूळ आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण, सही व तारीख घालायची. पांढरी शाई वापरायची नाही, पान फाडायचे नाही. परदेशी औषध नियामकांचे निरीक्षक येतात, तेव्हा ते कित्येकदा यंत्रांपेक्षा कचऱ्याच्या टोपलीतील चिठोऱ्यांकडे अधिक बारकाईने पाहतात. जी वही फार स्वच्छ असते, तिच्याबद्दल त्यांना पहिला संशय येतो.

आमचा तराजू ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापर्यंत वजन दाखवतो. त्याची काचेची दारे लावली नाहीत तर पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा हलत राहतो. नवा मुलगा तो हलणारा आकडा पाहून गोंधळतो आणि सरळ शून्य लिहून मोकळा होतो. तो अप्रामाणिक नसतो. आकडा हलू शकतो, ही गोष्ट बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणात त्याला कोणी दाखवलेलीच नसते. दारे लाव, थांब, आकडा स्थिर झाल्यावरच वाच, हे सांगितले की तो पटकन शिकतो. म्हणून मुलांमध्ये काही कमी आहे असे मला वाटत नाही. आपण शाळेत त्यांना ज्या गोष्टीसाठी गुण देतो, तीच गोष्ट कारखान्यात केली तर नोकरी जाते, इतकी ही तफावत उघड आहे.

मडगावची आई

चर्चा चांगली चालली आहे, परंतु मला ती थोडी हवेतील वाटते. माझा मुलगा बारावीला आहे आणि त्याला वैद्यकीय महाविद्यालयात जायचे आहे. त्याचा प्रवेश 'नीट' या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या गुणांवर ठरणार आहे. त्या परीक्षेत तापमापक कसा धरावा असे कोणी विचारत नाही. देशभरातील मुलांना एकाच मापाने मोजणारी ही परीक्षा आहे आणि तिच्यात आपली मुले टिकत असतील तर दर्जा आहे, टिकत नसतील तर नाही, हे निदान स्पष्ट तरी आहे. प्रत्येक शाळेने आपापल्या फळ्यावर आपापले सत्य लिहायचे ठरवले तर गुणांची तुलना कशी करायची? मास्तरांविषयी मला आदर आहे, पण त्यांच्यासारखे शिक्षक सगळीकडे मिळत नाहीत आणि धोरण हे सामान्य शिक्षकाला डोळ्यांपुढे ठेवूनच आखावे लागते.

दुसरे असे की प्रयोग म्हणजे फक्त काचेची नळी आणि बन्सन बर्नर, हा समज आता सोडायला हवा. राज्यात २०२१ मध्ये सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना सुरू झाली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. माझ्या धाकट्या मुलीने ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा एक छोटा सेन्सर वापरून उपकरण तयार केले. मोजपट्टीने दोन मीटर भरणारे अंतर ते उपकरण पाच सेंटीमीटर कमी दाखवत होते. ती कितीतरी वेळ प्रोग्राममध्ये चूक शोधत बसली. शेवटी तिच्या शिक्षिकेने ध्वनीच्या वेगाकडे बोट दाखवले. प्रोग्राममध्ये सेकंदाला ३४० मीटर लिहिले होते आणि आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत तो वेग ३४९ च्या आसपास असतो. पडद्यासमोर धरले की तेच उपकरण वाटेल ते आकडे देत होते, कारण मऊ कापड ध्वनी परत पाठवत नाही. येथे नक्कल करायला कोणाचे जर्नलच नव्हते. तेव्हा जुन्या प्रयोगांसाठी अश्रू ढाळण्यापेक्षा नव्या साधनांचा उपयोग करावा, असे मला वाटते.

निवृत्त मास्तर, पेडणे

ताई, आपल्या मुलीच्या त्या पाच सेंटीमीटरांसाठी मी माझे सारे म्हणणे मागे घ्यायला तयार आहे, कारण मला जे हवे होते ते नेमके तेच होते. मात्र जिथे रोबोटिक्सचा संच कपाटात कुलूपबंद राहतो आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर येतो, तिथे त्याची दशा तापमापकाहून वेगळी होणार नाही. नीटबद्दल आपले म्हणणे व्यवहाराचे आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सत्तरीकर

एक मुद्दा कोणीच काढला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्या भागातील मूल चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठीत किंवा कोकणीत शिकते आणि पाचवीत गेल्यावर सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. माध्यमाचा राजकीय वाद मला येथे उकरून काढायचा नाही. परंतु ज्या मुलाला आपली शंका वर्गाच्या भाषेत मांडता येत नाही, ते शंका विचारणे सोडून उत्तर पाठ करू लागते. जर्नल उतरवून काढण्याची सवय नववीत लागत नाही, तिचे मूळ तिथे आहे.

खाजनकाठ

मडगावच्या ताईंनी नवी साधने सुचवली, मला अगदी जुन्या साधनांविषयी लिहायचे आहे. मांडवी आणि झुआरीच्या काठच्या खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतीत, बांधावर जी मानस असते, ती किती मुलांनी जवळून पाहिली आहे? लाकडी फळ्यांचे दार असते आणि त्याला ना मोटार, ना राखणदाराचा हात. भरतीचे पाणी चढू लागले की नदीच्या बाजूचा दाब वाढून फळ्या आपोआप मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा वर राहते, दाबाची दिशा उलटते आणि दार उघडून शेतातील जादा पाणी नदीत जाते. खोलीबरोबर द्रवाचा दाब वाढतो हे वाक्य माध्यमिक शाळेतील प्रत्येक मूल घोकते, आणि त्या वाक्यावर शतकानुशतके चालत आलेले यंत्र त्याच्या गावाच्या वेशीवर असते. या दोन गोष्टींची गाठ मात्र कोणी घालून देत नाही.

भरती-ओहोटीचेच घ्या. मुरगाव बंदराची भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी छापली जातात. धक्क्याजवळ खुणा केलेली एक काठी रोवली आणि मुलांनी आळीपाळीने दर तासाला पाण्याची पातळी लिहिली, तर दिवसात दोन भरत्या येतात आणि त्या सारख्या उंचीच्या नसतात, हे त्यांना स्वतःला दिसेल. दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण ५० मिनिटे उशिरा येते, तेव्हा चंद्र आपोआप चर्चेत येईल. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही आणि शेजारच्याची नोंद उतरवली तर ती लगेच उघडी पडते, कारण पाणी तोवर पुढे गेलेले असते. दोना पावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, मिरामारला विज्ञान केंद्र आहे. एवढ्या लहान राज्यात इतके काही असताना शाळेची सहल बहुधा उद्यानातच का जाते, हे मला न सुटलेले कोडे आहे.

आणखी एक उदाहरण देतो. पणजीचे अक्षांश साधारण साडेपंधरा अंश उत्तर असल्याने वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मे महिन्याच्या २ किंवा ३ तारखेला येतो आणि दुसरा ऑगस्टच्या १० तारखेच्या सुमारास. यातील गंमत अशी की तो क्षण मे महिन्यात घड्याळाच्या १२ वाजता येत नाही, १२ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास येतो, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. भूगोल, गणित आणि विज्ञान यांचा इतका सुंदर धडा फुकट मिळतो. परंतु मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते. २०२५ मध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू करण्यात आले, तेव्हा उन्हाच्या त्रासावर बरीच चर्चा झाली. त्याच उन्हात सावली मोजायला मुलांना एखादा तास बाहेर काढावे, असे कोणी सुचवल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

फोंड्याचा वाचक

तुलनेचा प्रश्न वर निघाला आहे, म्हणून थोडी भर घालतो. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. तिच्यात पाठांतरापेक्षा दिलेल्या माहितीवरून अर्थ लावण्यावर भर असतो. २००९ च्या फेरीसाठी भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली आणि सत्तरहून अधिक सहभागींमध्ये अगदी तळाशी राहिली. प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीशी जुळणारे नव्हते, असे सांगण्यात आले आणि त्यात काही तथ्यही असेल. पुढे २०१२, २०१५ आणि २०१८ या फेऱ्यांत भारत उतरलाच नाही. तापमापक नको तो आकडा दाखवू लागला की तो कपाटात ठेवून द्यायचा, ही जर्नलमधील सवय केवळ शाळेपुरती नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

पुस्तकांच्या बाबतीतही लक्ष ठेवणे गरजेचे आहे. आपल्याकडे दहावीला विज्ञानाचे पुस्तक एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेचेच असते. अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली त्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण आणि उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. हे विषय अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत आहेत हे खरे, परंतु दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे जाणाऱ्या मुलाची त्यांच्याशी कधीच गाठ पडणार नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ पासून संविधानाने सांगितलेले नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचे नव्हे.

खाजनकाठ यांना मी माझ्याकडून एक उदाहरण देतो. गोव्यातच १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेली, नाणी हजारोंच्या संख्येने तोलली. वापरात नाणे झिजते, तेव्हा झीज किती झाली यावरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो, अशी त्यांची मांडणी होती. ती तपासण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलून पाहिली. एक तराजू, भरपूर नाणी आणि खरे आकडे लिहिण्याचा निश्चय, एवढ्या भांडवलावर इतिहासाला नवी पद्धत मिळाली. आपण त्यांच्या नावाने दरवर्षी विचार महोत्सव भरवतो, सभागृह तुडुंब भरते आणि ते चांगलेच आहे. त्याच आठवड्यात शाळाशाळांतून दहा-दहा रुपयांची नाणी तोलायला दिली तर तोही महोत्सवच होईल.

मडगावची आई

नाण्यांची कल्पना आवडली. मुख्य मुद्द्यावर माझे मत तरीही बदललेले नाही. प्रवेशाचे दार ज्या परीक्षेतून उघडते, ती बदलल्याशिवाय अकरावी-बारावीत कोणी तराजूला हात लावणार नाही. सातवी-आठवीत मात्र हे सहज करता येण्यासारखे आहे, कारण तिथे कोणाचे काही अडलेले नसते.

डिचोलीचा पालक

सर्वांचे आभार. ताईंचे सातवी-आठवीबद्दलचे म्हणणे मला पटते आणि आमच्या पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीत मी त्याच इयत्तांपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरणार आहे. वेर्णा रसायन यांनी सांगितलेला नियम, म्हणजे नोंद जागेवरच शाईने लिहायची आणि चूक एका रेघेने खोडायची, हा पहिला मुद्दा ठेवीन. प्रयोगाच्या गुणांपैकी एकही गुण पुस्तकातील उत्तराशी जुळण्यासाठी नसावा आणि आपली नोंद वेगळी का आली याच्या स्पष्टीकरणासाठी काही गुण राखून ठेवावेत, हा दुसरा. अंतर्गत गुण शाळेच्याच हातात असल्याने यासाठी पर्वरीच्या मंडळाकडे परवानगी मागण्याची गरज पडू नये, असे मला वाटते. मास्तर, शिक्षकांवर याचा जादा भार पडणार नाही अशी काही युक्ती असल्यास जरूर सांगावी, कारण बैठकीत पहिली हरकत तीच येणार आहे.

निवृत्त मास्तर, पेडणे

भार थोडा पडेलच, पण तो तपासण्याचा नाही, मांडणीचा आहे. सगळी जर्नले गोळा करून घरी नेण्याऐवजी त्याच तासाला फळ्याचा फोटो काढून ठेवावा. नंतर जर्नलमधील आकडा त्या फोटोशी जुळतो की नाही, एवढे पाहायला फार वेळ लागत नाही. प्रयोग वर्षाला पंधरा करण्यापेक्षा सहाच करावेत आणि प्रत्येकाला लागोपाठ दोन तासिका द्याव्यात. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाला वर्ष सुरू होण्यापूर्वीच गाठावे लागते, नंतर तो कोणाचे ऐकत नाही.

उत्कलनांकाच्या प्रयोगाआधी तापमापक मुलांकडूनच तपासून घ्यावेत. बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात ठेवायचा, त्यात तापमापकाचा फुगा पूर्ण बुडवायचा, ढवळत राहायचे आणि पारा किंवा रंगीत द्रव स्थिर झाला की वाचायचे. शून्याऐवजी एक अंश वर दाखवत असेल तर तसे कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी दोऱ्याने त्या तापमापकाला बांधून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक नोंदीतून तेवढे वजा करावे. बर्फ शाळेत मिळत नसेल तर मासळी बाजारातून आणावा, फक्त मिठाचा बर्फ घेऊ नये, त्याचे तापमान शून्याच्या खाली जाते.